न्हाणीघर बांधण्याआधी

पूर्वी अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. काटक्या, चिपाडे पेटवली की झाले. आता बार्शी शहरात, तसेच वैराग, पांगरीसारख्या गावांतही विजेचा बंब आला आहे. त्यालाच गीझर म्हणतात. धूर नाही, राख नाही. बटण दाबलं की पाणी गरम! सोय मोठी आहे. पण पाणी आणि वीज एकाच खोलीत आली, की सावध राहायला हवं.

ते का? पाहू या.

कोरड्या कातडीतून वीज सहज जात नाही. ओल्या अंगातून मात्र ती चटकन जाते. न्हाणीघरात अंग ओले, पाय अनवाणी आणि फरशीही ओली. बाहेर जो नुसता झटका बसेल, तोच इथे जीव घेऊ शकतो.

काही जण म्हणतात, "आमच्या घरी फ्यूज आहे. मग भीती कसली?"

मंडळी, फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. गीझरचा फ्यूज १६ अँपिअर वीज खुशाल वाहू देतो. माणसाच्या छातीतून त्याच्या पाचशेव्या भागाइतकी वीज काही क्षण गेली, तरी प्राणावर बेतते. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन आहेत.

पहिली, अर्थिंग. गीझरच्या पत्र्यात वीज उतरली, तर अर्थिंगची तार तिला जमिनीत नेते. तीन पायांच्या पिनेतला जाड पाय याच कामाचा. तो कधी कापू नका. अर्थिंगची तार नळाला बांधू नका. तसे केले तर सगळा नळच विजेचा होऊ शकतो. अर्थिंगसाठी जमिनीत वेगळा खड्डा हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळते. वाळलेली माती वीज नीट ओढून घेत नाही. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

दुसरी, गळती ओळखणारा खटका. दुकानात तो आरसीसीबी या नावाने मिळतो. घेताना ३० मिलिअँपिअरचा मागा. जाणारी वीज आणि परत येणारी वीज तो सारखा तोलत असतो. फरक पडला, की क्षणात वीज तोडतो. त्यावर तपासणीचे छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही, तर वायरमनला बोलवा.

आता जागा ठरवू. गवंडी गिलावा करण्याआधीच वायरमनला बोलवा आणि तिघे मिळून ठरवा.

१. गीझरचे बटण न्हाणीघराच्या बाहेर, दाराजवळ घ्या. ओला हात तिथवर पोचता कामा नये.

२. गीझर डोक्याच्या वर, भक्कम भिंतीवर बसवा. १५ लिटरच्या गीझरमध्ये नुसते पाणीच १५ किलो भरते. नळाचे, फवाऱ्याचे पाणी त्यावर उडू नये.

३. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला स्वतंत्र जाड तार आणि १६ अँपिअरचे सॉकेट लागते. दिव्याच्या बारीक तारेवर तो जोडू नका.

४. पाणी तापले की बटण बंद करा. मगच अंघोळीला बसा.

बादलीत रॉड टाकून पाणी तापवत असाल, तर जास्तच जपा. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालू नका. आधी बटण बंद करा, पीन काढा, मग पाणी पाहा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

एवढे करूनही कुणाला वीज लागलीच, तर त्याला हात लावू नका. आधी घराचे मुख्य बटण बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या काठीने त्याला तारेपासून दूर सारा. मग लगेच १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

खटक्याला आणि अर्थिंगला चार पैसे जास्त जातात, हे खरं. पण फरशी बसल्यावर भिंत फोडायची, तर खर्च त्याहून मोठा. आणि गेलेला जीव कोणत्याच पैशाने परत येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणत नाहीत. न्हाणीघराचेही तसेच आहे. आधी विचार, मग वीट.