‘सिक्खा’ म्हणजे शिक्षा नव्हे!

वंदनेतला शब्द ‘सरणं’ की ‘शरणं’? ‘पञ्ञा’ कशी उच्चारायची? ‘वेरमणी’ या शब्दात वैर आहे काय? हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातील गावांत आम्ही वर्षावासात ग्रंथवाचनाला जातो, तेव्हा हे प्रश्न हमखास विचारले जातात. कॉलेजातली मुले विचारतात, तशा साठी ओलांडलेल्या आयाबायाही विचारतात. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराची बंदी होती, तो समाज आज शब्दाचे मूळ विचारतो आहे. ही धम्मक्रांतीची खूण आहे.

पण याच विहारांत दुसरेही एक चित्र दिसते. एखादी आई ‘सरनं’ म्हणाली की चार पुस्तके वाचलेला कार्यकर्ता सर्वांसमोर तिला टोकतो. पुढच्या पौर्णिमेला ती माउली वंदना म्हणायला पुढे येत नाही, मागच्या रांगेत ओठ मिटून बसते. ‘आनि-पानी’ म्हणतो म्हणून शाळेत आपल्या मुलांना हसले गेले, कोर्टात आपल्या साक्षीदारांना हसले गेले. तेच हसू आता आपण विहारात आणायचे काय?

आधी प्रश्नाचे उत्तर देऊ. पालीत ‘स’ एकच आहे. ‘श’ आणि ‘ष’ नाहीत, ऋ, ऐ, औ नाहीत, विसर्ग नाही. म्हणून ‘सरणं’ हेच पाली रूप आहे आणि ‘शरण’ हे संस्कृत. पालीतला ‘च’ नेहमी ‘चहा’तल्यासारखा, मराठी ‘चाक’मधल्यासारखा नव्हे. ‘पञ्ञा’चा उच्चार ‘पन्न्या’च्या जवळ जातो. मराठी ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ तिथे आणू नये. जोडाक्षरावर जोर द्यावा, कारण त्याने अर्थ बदलतो. ‘सुत’ म्हणजे पुत्र किंवा ऐकलेले आणि ‘सुत्त’ म्हणजे सूत्र. ‘सुत्त’चा दुसरा अर्थ झोपलेला असाही होतो! ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणे, विरत होणे. ‘पाण’ म्हणजे पाणी नव्हे, प्राण. ‘मज्ज’ म्हणजे मजा नव्हे, मद्य.

आता याच परिसरातल्या घराघरांतले शब्द पाहा. हस्त, पाली हत्थ, मराठी हात. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. सर्प, सप्प, साप. अद्य, अज्ज, आज. तृष्णा, तण्हा, तहान. तथागतांनी दुःखाचे कारण ‘तण्हा’ सांगितले. त्यासाठी कोशात जाण्याची गरज नाही. पूर्णेच्या काठी उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला तहान म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. जी भाषा पंडितांची म्हणून दूर ठेवली जाते, तिची लेकरे आपल्या चुलीपाशी खेळत आहेत.

सर्वांत मोलाचा शब्द ‘सिक्खा’. पंचशीलातील प्रत्येक शील हे सिक्खापद आहे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे, शिकवण. मराठीत मात्र त्या शब्दाचा अर्थ दंड असा झाला. आम्ही वकिली करतो. कोर्टात ‘शिक्षा’ ऐकली की आरोपीचे घर हादरते. तोच अर्थ मनात ठेवून अनेकजण शील म्हणजे मनाई हुकूम समजतात आणि मोडले की पाप लागेल म्हणून घाबरतात. ‘सिक्खापद’ म्हणजे आपण स्वतःहून घेतलेला शिकण्याचा नेम. आपले रोजचे ‘शिकणे’ हे क्रियापद याच ‘सिक्ख’पासून आले. बाबासाहेबांनी ‘शिका’ असा आदेश दिला. त्या ‘शिका’चे आणि पंचशीलाचे नाते शब्दातच आहे. केवळ एका शब्दाचा अर्थ चुकला की धम्माची जागा भीती घेते. म्हणून आम्ही म्हणतो, शब्द समजून घेणे ही हौस नाही, गरज आहे.

मग शुद्ध उच्चाराचे काय? पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. ती सिंहली, ब्रह्मी, थाई, रोमन आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांत लिहिली गेली. थायलंडचा उपासक ‘बुद्ध’ हा शब्द ‘फुत्थ’ असा उच्चारतो. म्यानमारमध्ये ‘स’चा उच्चार इंग्रजी ‘थिंक’मधल्या ‘थ’सारखा होतो. श्रीलंकेत शेवटचा अनुस्वार ‘ङ्’सारखा ऐकू येतो, आपल्याकडे ‘म्’सारखा. यांतला कोण बौद्ध नाही?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली की, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, ते छंदात बांधावे. तथागतांनी त्यांना नकार दिला आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या भाषेत, शिकण्याची मुभा दिली. बुद्धघोषाचार्यांनी ‘स्वतःची’ म्हणजे बुद्धांची मागधी असा अर्थ लावला. पण तक्रारच नाना बोलींविरुद्ध होती आणि ती फेटाळली गेली, हे पाहता प्रत्येकाची आपली भाषा हाच अर्थ सरळ वाटतो. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तर एका भांड्याला वेगवेगळ्या प्रदेशांत असलेली पाति, पत्त, सराव, पोण, पिसील अशी सात नावे दिली आहेत आणि ‘हेच नाव खरे, बाकी खोटे’ असा हट्ट धरू नये असे सांगितले आहे.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा होता, कारभार उर्दूत चाले. ‘हक्क’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ घशातला उच्चार आपल्यापैकी कोण करतो? म्हणून आपला हक्क कमी झाला काय?

याचा अर्थ कसेही म्हणा, असा नव्हे. उच्चार शिकवला पाहिजे, पण अर्थ सांगून, प्रेमाने. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे संस्कृत मिळवली आणि पालीचे व्याकरण व कोश तयार केले. पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदीत देणारे हे काम महाराष्ट्र शासनाने 1998 साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. हा खंड किती विहारांत आहे? आणि असेल तर कपाटाबाहेर किती वेळा येतो?

2013 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील ऐच्छिक विषयांतून पाली वगळली गेली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा दिला. दर्जाचे स्वागत आहे. पण गावच्या शाळेत पालीचा शिक्षक नसेल तर हा दर्जा कागदावरच राहणार. तालुक्याच्या शाळा-कॉलेजांत पालीचा वर्ग मागणे, त्यासाठी ठराव करणे, निवेदने देणे हे आता चळवळीचे काम आहे.

आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही आहे. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. पंचशीलातील एकेक शब्द फळ्यावर लिहा, अर्थ सांगा, त्याचा मराठी भाऊबंद शोधायला लावा. मुलांना वही करू द्या. आयाबायांना त्यांचे जुने शब्द विचारा, त्यांच्याकडूनच कितीतरी पाली सापडेल. आणि ओठ मिटून मागे बसलेल्या त्या माउलीला पुढे बोलवा. तिला वंदना म्हणू द्या. सिक्खेला सुरुवात तिथूनच होते.

जयभीम!