विमा आहे का घरात?

माणसाला त्याच्याच घराविषयी विचारलं, तर उत्तर बरोबरच येणार, असं आपण धरून चालतो. माणसं किती, पाणी नळाचं की विहिरीचं, इथवर ते खरंही असतं. पण सर्वेक्षणाला आलेल्या ताईंनी 'आरोग्य विमा आहे का?' असं विचारलं, की गाडी अडते.

मी कवी, म्हणून शब्दापाशी थांबतो. 'विमा' फारसीतून आला आणि मराठी होऊन गेला. रोह्याजवळच्या आमच्या धाटावात त्याचा अर्थ ठरलेला आहे: एजंट, हप्ता, पावती. शेजारच्या आजींना मी विचारलं, तर म्हणाल्या, "हप्ताच भरत नाही, तर विमा कसला रे?" त्यांच्याकडे केशरी रेशनकार्ड आहे.

२ जुलै २०१२ रोजी राज्याच्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यांत रायगड होता. पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंत ठरावीक उपचार मोफत. हप्ता सरकारनं भरायचा. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना देण्याचा आणि मर्यादा ५ लाख करण्याचा निर्णय झाला. म्हणजे आजी खोटं बोलल्या नाहीत; तरी उत्तर चुकलं.

उलटही घडतं. मुदत संपलेलं कार्ड जपून ठेवलेलं घर 'आहे' म्हणतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४१ टक्के घरांत कुणाला तरी आरोग्य विमा वा योजनेचं संरक्षण असल्याचं नोंदलं गेलं. असा आकडा वाचताना लक्षात ठेवावं, की तो लोकांनी सांगितलेला आहे. त्यात हक्काबरोबर हक्काची माहितीही मोजली जाते.

ही चूक कागदापुरती असती, तर सोडून दिली असती. पण ज्याला हक्क ठाऊक नाही, तो आजारपणात योजनेतलं रुग्णालय शोधत नाही, दागिने गहाण ठेवतो. म्हणून प्रश्न बदलायला हवा: कार्ड कोणतं? मागच्या आजारपणाचं बिल कुणी भरलं? योजनेचं नाव घेऊन विचारलं, तर आठवण लवकर जागी होते.

आणि आपणही एक करावं. सगळे आजार आणि सगळी रुग्णालयं योजनेत नाहीत. पण योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. पैशांची जुळवाजुळव करण्याआधी त्याला गाठावं.