इंडिकेटर दिला नाही, की दिसला नाही?

पेट झाली, नेट-सेटचा अभ्यास सुरू आहे, आणि मुलाखतीत पॅनेल विचारणार आहे, "तुमचा विषय काय?" या टप्प्यावर असलेल्या बहुतेकांची अडचण एकच असते: विषय सुचत नाही. त्यावर एक साधा उपाय सांगतो. रोज ज्या गोष्टीचा राग येतो, ती गोष्ट घ्या. रागामागे निरीक्षण असतं. फक्त ते कच्चं असतं.

आज असाच एक राग घेऊ. पुढची गाडी इंडिकेटर न देता अचानक वळते, आपण करकचून ब्रेक मारतो आणि तोंडातून जे यायचं ते येतं. या रागाचा संशोधन-प्रश्न कसा करायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

जागा घेऊ निफाड तालुक्यातली. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता चांदोरी, निफाड, विंचूर करत येवल्याला जातो. या रस्त्यावरून चांदोरीला सायखेड्याकडे, निफाडला पिंपळगाव बसवंतकडे, विंचूरला लासलगावकडे वळावं लागतं. एसटी, कंटेनर, कांद्याचे पिकअप, द्राक्षाच्या क्रेटने भरलेला छोटा हत्ती, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, दुचाकी, सगळे एकाच रस्त्यावर. त्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीत पारा कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा पहाटेचं धुकं असतंच. इंडिकेटरचा अभ्यास करायला याहून बरी जागा कुठली?

रागात उत्तर आधीच ठरलेलं असतं

"लोक इंडिकेटर का देत नाहीत?" हा प्रश्न वाटतो तसा कोरा नाही. त्यात दोन गोष्टी आपण आधीच मान्य करून टाकल्या आहेत. एक, की लोक देत नाहीत. दोन, की न देणं हा चालकाचा दोष आहे.

पहिल्या गोष्टीकडे बघा. चांदोरी ते विंचूर प्रवासात तुमच्यापुढे समजा चाळीस गाड्या वळल्या. त्यातल्या तीस गाड्यांनी नीट इंडिकेटर दिला, तर त्या तुमच्या लक्षातच राहणार नाहीत. उरलेल्या दहापैकी दोघांनी ब्रेक मारायला लावला, तर घरी गेल्यावर तुम्ही त्या दोघांबद्दलच बोलाल. जे सहज आठवतं ते वारंवार घडतं असं आपल्याला वाटतं, हे ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७३ मध्ये मांडलं. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे अंश आहे, छेद नाही. छेद मोजल्याशिवाय टक्केवारी निघत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. समोरचा चुकला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो आणि परिस्थिती विसरतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या प्रवृत्तीला नाव दिलं, मूलभूत आरोपण-दोष. म्हणजे इंडिकेटर लागला नाही की आपल्या डोक्यात लगेच "बेफिकीर माणूस" असं येतं, "वायर तुटली असेल" असं येत नाही.

सरकारी आकड्यात हे सापडेल का?

विषय सुचला की पहिलं काम म्हणजे आधीची आकडेवारी बघणं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. नियमभंगाचे कप्पे त्यात असे आहेत: अतिवेग, दारू पिऊन चालवणं, उलट्या बाजूने चालवणं, लाल दिवा तोडणं, मोबाइल वापरणं, आणि इतर. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू एकट्या अतिवेगाच्या कप्प्यात आहेत.

इंडिकेटरसाठी यात वेगळा कप्पाच नाही. न सांगता वळलेली ट्रॉली आणि तिच्यावर मागून आदळलेली दुचाकी, ही घटना कागदावर बहुधा दुचाकीच्या "अतिवेगा"त किंवा "इतर"मध्ये जाऊन बसेल. हे कायम लक्षात ठेवा: तयार आकडेवारीत एखादी गोष्ट दिसत नाही, याचा अर्थ ती घडत नाही असा होत नाही. कधी कधी तिच्यासाठी रकानाच नसतो. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून स्वतः मोजावं लागतं.

असं मोजलं गेलेलंही आहे. अमेरिकेत रिचर्ड पोंझियानी यांनी १२,००० वाहनांचं निरीक्षण करून २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. वळताना साधारण २५ टक्के वेळा आणि लेन बदलताना ४८ टक्के वेळा इंडिकेटरचा वापर चुकला, असं त्यात आहे. हा ४८ चा आकडा पुष्कळ ठिकाणी "अर्धे लोक इंडिकेटर देतच नाहीत" असा फिरतो. मुळात त्यात न देणारे आणि दिल्यावर बंद न करणारे, दोघेही आहेत. एका आकड्यात दोन वेगळी वर्तनं! कोणाचाही आकडा उचलण्याआधी त्यांनी नेमकं काय मोजलं ते वाचा.

"इंडिकेटर दिला" म्हणजे नक्की काय?

याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात, म्हणून हे नीट पाहू.

समजा, वळण्याच्या किमान तीन सेकंद आधी दिवा लागला तरच "वेळेवर दिला" म्हणायचं. तीनच का? मागून येणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर गेले. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असं धरलं, तर थांबेपर्यंत आणखी २८ मीटर. एकूण ५३. आणि तीन सेकंदात ती गाडी ५० मीटर येते. उजवीकडे वळणारी गाडी समोरून येणाऱ्यांसाठी मध्येच थांबते, तेव्हा मागच्याला जवळजवळ एवढीच जागा मिळते. म्हणजे तीन सेकंद हा किमान हिशोब झाला. धुक्यात किंवा ओल्या रस्त्यावर तोही पुरणार नाही. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे तीन सेकंदात तीन ते सहा वेळा. एवढ्यात डोळ्याला पकडता यायला हवं.

तेव्हा नोंदीचे रकाने हो-नाही असे दोनच ठेवू नका. चार ठेवा: वेळेवर दिसला, वळता वळता दिसला, दिसला नाही, आणि सांगता येत नाही. शेवटचा रकाना विसरू नका. तो नसेल तर निरीक्षक अंदाज भरतो.

"दिला"च्या जागी मी "दिसला" लिहिलं, ते मुद्दाम. रस्त्याकडेच्या निरीक्षकाला चालकाचा हात दिसत नाही, फक्त दिवा दिसतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२१ चालकाने इशारा द्यावा असं सांगतं. मागच्या दुचाकीवाल्याचा जीव मात्र इशारा दिसण्यावर अवलंबून असतो. उसाने भरलेल्या ट्रॉलीपुढे ट्रॅक्टरचा इंडिकेटर लागलेला असू शकतो. पण ट्रॉलीची वायर सॉकेटमध्ये खोचलेली नसेल, किंवा मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी दिवा झाकला असेल, तर मागच्याला काय दिसणार?

उलटंही होतं. आपल्याकडे ट्रकवाले उजवा इंडिकेटर देतात, तो कधी वळायचा असतो, कधी "पुढे जा" असा मागच्याला पास दिलेला असतो. चौकात सरळ जायचं म्हणून चारही दिवे लावणारे आहेत. त्यांचा एक दिवा आडोशाला गेला की बाजूच्याला वाटतं, हा वळतोय. दुचाकीवर बहुधा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, तो एका फाट्यावर लावलेला पुढच्या फाट्यापर्यंत लुकलुकत राहतो. म्हणून "दिवा लागला" आणि "वळण्याचा इशारा केला" हे एक धरता येत नाही. मोजमाप जे मोजायचं तेच मोजतंय का, या प्रश्नाला वैधता म्हणतात.

दोघांना तेच दिसतंय का?

आता विश्वसनीयता. एकाच फाट्यावर दोन निरीक्षक शेजारी उभे करा, एकमेकांचा कागद न बघता नोंद करायला सांगा. काल्पनिक आकडे घेऊ. १०० गाड्यांपैकी ५० ला दोघांनी "दिसला" लिहिलं, ३० ला दोघांनी "नाही", आणि २० गाड्यांवर मतभेद झाला, दहा इकडे, दहा तिकडे. म्हणजे ८० टक्के एकमत. छान वाटतं ना?

पण दोघेही ६० टक्के वेळा "दिसला" लिहितात. डोळे मिटून लिहिलं असतं तरी ०.६ × ०.६ अधिक ०.४ × ०.४, म्हणजे ०.५२ इतकं एकमत योगायोगाने झालंच असतं. कोहेन यांचा १९६० चा कप्पा हा योगायोग वजा करतो: (०.८० − ०.५२) ÷ (१ − ०.५२), उत्तर साधारण ०.५८. ठीकठाक, पण पुरेसं नाही. अशा वेळी निरीक्षकांना दोष देण्याआधी व्याख्या पुन्हा लिहा. बहुतेक वेळा भांडण "वळता वळता" या रकान्यावर असतं.

किती गाड्या, कधी, कुठे?

प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास धरून, ९५ टक्के विश्वासपातळीला, पाच टक्क्यांच्या चुकीच्या मर्यादेत आकडा हवा असेल तर सूत्राने ३८५ गाड्या येतात. हे पुस्तकातलं उत्तर झालं. लासलगावच्या लिलावाला सकाळी एकामागे एक लागलेले वीस पिकअप हे वीस स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. पुढच्याने दिला की मागचा देतो, किंवा सगळेच कंटाळा करतात. गाड्या अशा घोळक्याने येत असतील तर नमुना वाढवावा लागतो, कधी दुप्पटही.

हंगाम हा तर वेगळा चल आहे. ऊस थंडीत, द्राक्षं जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, मग उन्हाळ कांदा. फक्त मे महिन्यात मोजलंत तर उसाच्या ट्रॉल्या सापडणारच नाहीत, आणि मग "निफाड तालुक्यात" असं शीर्षक देता येणार नाही.

दोन सूचना. गाडीचे नंबर लिहू नका, तुम्हाला त्यांची गरज नाही. आणि हातात पॅड घेऊन फाट्यावर ठळक उभे राहू नका. आरटीओचा माणूस समजून सगळेच शिस्तीत वळतील, आणि तुमचा स्वतःचा जीवही धोक्यात. एखाद्या टपरीच्या आडोशाला, रस्त्यापासून लांब बसा. अभ्यास औपचारिक असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या.

आता "का?" विचारा

इतकं झाल्यावर कारणांकडे यायचं. इथे एक शिस्त पाळा: प्रत्येक कारणाला विचारा, "तू खरं असशील तर मला रस्त्यावर काय वेगळं दिसेल?"

कारण बेफिकिरी असेल, तर भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉलीत फारसा फरक दिसू नये. माल आड येत असेल, तर भरलेल्या ट्रॉलीचं प्रमाण स्पष्ट खाली जाईल. "मागे कोणी नाही, कशाला देऊ" हे कारण असेल, तर मागे गाडी असताना इंडिकेटर वाढलेले दिसतील. म्हणून मागे कोणी होतं का, याचा रकाना ठेवा. वायरिंग खराब असेल, तर ज्यांचा इंडिकेटर दिसला नाही त्यांचा ब्रेक लाइटही बहुतेक लागणार नाही. वळताना वेग कमी करावाच लागतो, तेव्हा ब्रेक लाइट बघायची संधी आयती मिळते. रस्त्याची रचना हे कारण असेल, म्हणजे तिरक्या फाट्यावर लोकांना आपण "वळतोय" असं वाटतच नसेल, तर तोच चालकवर्ग काटकोनातल्या फाट्यावर जास्त इंडिकेटर देईल.

हे रकाने भरायला एक कागद आणि पेन पुरतं. पण यातलं कोणतं कारण खरं, यावर उपाय ठरतो. बेफिकिरीला दंड आहे. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत. तुटलेल्या वायरला दंड करून दिवा लागत नाही. तिथे गाळप सुरू होण्याआधी कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांचे सॉकेट तपासणं जास्त कामाचं. तिरक्या फाट्याला रंगाचे पट्टे आणि फलक लागतील, आणि ते काम बांधकाम विभागाचं. चुकीचं कारण धरलं तर पैसा एकीकडे खर्च होईल आणि धुक्यातली ट्रॉली तशीच अंधारी राहील.

आता तुमचा प्रश्न बघा. सुरुवातीला होता, "लोक इंडिकेटर का देत नाहीत?" आता तो असा झाला: "निफाड तालुक्यातल्या फाट्यांवर, गाळप हंगामात, भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा वळण्याचा इशारा मागच्या वाहनाला किमान तीन सेकंद आधी दिसण्याचं प्रमाण किती वेगळं आहे?" ऐकायला रुक्ष आहे, मान्य. पण याचं उत्तर एका हंगामात मिळू शकतं, ते चुकीचं निघू शकतं, आणि बरोबर निघालं तर ते घेऊन कोणाच्या टेबलावर जायचं हे ठरलेलं आहे. पॅनेलसमोर हा प्रश्न मांडा. "लोकांना शिस्त नाही" हे वाक्य तिथे कितीही खरं वाटलं तरी बोलू नका, कारण पुढचा प्रश्न येईल: "कशावरून?"