बोली शंभराची, पोस्टेज दीडशेचं!

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, कॉमिक्स, सेकंडहँड लेन्स... रात्री फेसबुक किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिलाव सुरू होतो आणि जळगाव-धुळ्याच्या होस्टेलमधूनही बोली लागते. शंभर रुपयांत वस्तू तुमची होते. अभिनंदनाच्या इमोजीपाठोपाठ सेलरचा मेसेज येतो, 'पोस्टेज १५० एक्स्ट्रा.' आता काय? भांडायचं, गुपचूप पैसे द्यायचे, की ग्रुप सोडून पळायचं?

थांबा. आधी एकच प्रश्न विचारा : पोस्टेजचा आकडा बोलीच्या आधी सांगितला होता का? लिहिलेला असेल आणि तुम्ही वाचला नसेल, तर पैसे द्या आणि पुढच्या वेळी नीट वाचा. लिहिलेला नसेल, तर बाजू तुमची भक्कम आहे.

ही युक्ती जुनीच

घरातलं कुणी बाजार समितीत माल नेत असेल, तर त्यांची हिशेबपट्टी बघा. भाव वेगळा, हमाली-तोलाई वेगळी. ऑनलाइन लिलावात ही 'हमाली'च कमाईचं साधन होऊ शकते. ईबेवर पूर्वी कमिशन फक्त बोलीच्या रकमेवर लागायचं. त्यामुळे किंमत कमी आणि शिपिंग जास्त लावणं सेलरला परवडायचं. शेवटी २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत शिपिंगवरही कमिशन लावलं. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अभ्यासकांनी तर ईबेवर सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम विकून बघितले. सुरुवातीची किंमत कमी आणि शिपिंग थोडं जास्त ठेवलं, की बऱ्याचदा एकूण कमाई वाढते, असं त्यांना २००६ मध्ये दिसलं. कारण बोली लावताना आपलं लक्ष मोठ्या आकड्यावर असतं, खालच्या ओळीवर नाही.

मेसेजआधी हिशेब

चांदीचा जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा. पुठ्ठा आणि पाकीट धरूनही पार्सल ५० ग्रॅमच्या आत बसतं. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार एवढ्या वजनाचं स्पीड पोस्ट गावाबाहेर ४७ रुपयांत जातं, जीएसटी धरून साधारण ५६. पॅकिंगचा खर्च आणि पोस्टात जाण्याचा वेळ सेलरचाही जातो, तेही धरा. मग असा मेसेज टाका : 'सर, लॉट १२ मला १०० ला मिळाला. लिलावाच्या मेसेजमध्ये पोस्टेज लिहिलेलं नव्हतं. स्पीड पोस्टचे ५६ आणि पॅकिंगचे २० असे ७६ देतो. चालेल का?' बरेच वाद इथेच मिटतात. रागाने पैसेच न देणं मात्र टाळा. बोली म्हणजे शब्द असतो. तो मोडला, तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी ग्रुपमधून तुम्हीच बाहेर जाता.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार मार्केटप्लेसवरच्या सेलरने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते. डिलिव्हरी, पोस्टेज, हँडलिंग, टॅक्स यांची फोडही द्यायची असते. खर्च शेवटच्या टप्प्यावर उघड करण्याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला 'डार्क पॅटर्न' ठरवलंय. एक मेख लक्षात ठेवा : घरातली जुनी वस्तू एखाद्या वेळी विकणाऱ्या हौशी माणसाला ई-कॉमर्सचे हे नियम लागू होत नाहीत. नियमित धंदा करणाऱ्याला होतात.

ऐकलंच नाही तर?

- पुरावे जपा. लॉटचा मेसेज, चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट ठेवा. पार्सल आलं की फोडण्याआधी पाकिटाचा फोटो काढा. स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन आणि रक्कम छापलेली असते, तिचा फोटो सेलरकडून मागा.
- वेबसाइट किंवा ॲप असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण, असा नियम आहे.
- १९१५ लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं.
- शेवटचा उपाय जिल्हा ग्राहक आयोग. सेलर कोलकात्याचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

सत्तर-ऐंशी रुपयांसाठी आयोगापर्यंत जायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण तोच सेलर महिन्याला शंभर पार्सलं पाठवत असेल, तर तुमची एक तक्रार बाकीच्या नव्व्याण्णव जणांच्याही कामी येईल.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? बोलीच्या आधी दोनच शब्द टाइप करा : 'पोस्टेज किती?' उत्तर आलं, की तो आकडा आपल्या मर्यादेतून वजा करा आणि मगच बोला. उत्तरच आलं नाही, तर तो लॉट सोडून द्या.