शेवट नको सांगू

वसमत तालुक्यातल्या एका शाळेत ‘पाडस’ची एकुलती एक प्रत आहे. मूळ कव्हर कधीच गेलंय, त्या जागी कॅलेंडरचा जाड कागद डकवलाय. निम्म्या पुस्तकानंतर समासात पिवळे अंगठे उमटलेत. हळद शिजवायच्या दिवसांत ते आठवीतल्या एका पोरीकडं होतं. वाळत घातलेली हळद खालीवर करायची आणि मधल्या वेळात चार पानं वाचायची. परत देताना तिनं मैत्रिणीला एवढंच सांगितलं, ‘‘ज्याच्या घरी वासरू हाय ना, त्यानं वाचावं.’’ त्या एका वाक्यावर पुस्तक आणखी चार घरं फिरलं.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ची, फ्लोरिडाच्या रानातली. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली आणि त्या मराठीचं कौतुक जाणत्यांनी भरपूर केलं. पोरीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. हरणाचं पिल्लू जीव लावतं आणि उभं पीकही खातं, हा पेच तिच्या ओळखीचा. सोयाबीन-हरभऱ्यात हरणं, रोही, रानडुकरं शिरतात म्हणून तिचा बाप रात्री जागलीला जातो. अशी शिफारस करणारा समीक्षक मला तरी भेटलेला नाही.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत या पाचही तालुक्यांत जाणं-येणं असल्यानं यंदा एक खोड लावून घेतली. पोरांना ‘आवडतं पुस्तक कोणतं?’ असं विचारायचं नाही. गुरुजी शेजारी उभे असले की त्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. पण ते मोठे देतात, पोरं घेतात. म्हणून मी विचारायचो, ‘‘तू दोस्ताला कोणतं दिलंस?’’ मग खरी नावं बाहेर पडायची.

पहिला अजूनही फेणेच. भा. रा. भागवतांचा बनेश उर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. आमच्या पोरांनी त्यातलं काहीच पाहिलेलं नसतं. तरी सायकल आणि ‘ट्टॉक्’ एवढ्या भांडवलावर तो इथं चालतो. सहावीतला एक पठ्ठ्या म्हणाला, ‘‘त्याला कुणी घरी काम सांगत नाय, म्हणून त्याला चोर सापडतेत.’’ ऐन सोयाबीन काढणीत शाळा बुडवून आलेल्या पोराचं हे मत आहे, ते हसण्यावारी नेता येत नाही.

दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मुलींत जास्त फिरतो. साहित्य अकादमीनं २०१० साली बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी तो बोक्याला मिळाला, पण ते पोरांच्या गावीही नाही. भारत सासण्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४चा पुरस्कार आहे. एकानं ते पुस्तक मित्राला दिलं ते नावातल्या भूतबंगल्यासाठी.

नववी-दहावीतली शिफारस मात्र कुजबुजत होते. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) काही कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही, आणि हेच तिचं बळ. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद आणि त्याची शिरोडकर. ‘‘घरी दाखवू नको,’’ एवढ्या दोन-तीन शब्दांत सांगायचं ते सगळं आलं. बाबा भांडांची ‘दशक्रिया’ मी मागच्या बाकावर पाहिली. पैठणच्या गोदाकाठावरचा भानुदास ‘‘आपल्यासारखं बोलतो’’, असं ती देणाऱ्यानं सांगितलं. पुण्या-मुंबईचे नायक पोरांना चालतात, पण आपली बोली छापलेली दिसली की मान वर होते. फ. मुं. शिंद्यांसारखा संमेलनाध्यक्ष कवी कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरनं दिला. तसा कयाधूच्या काठचा एखादा फेणेही कुणीतरी द्यावा, एवढं मागणं काही जास्त नाही.

औंढ्याकडं वेगळी हवा. दुधाळ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा होतेय, केंद्रानं २०२३ साली सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. पोरांना गुरुत्वलहरी कळत नाहीत, पण गावाला काहीतरी अजब येतंय हे कळतं. त्या प्रकल्पात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, आणि आयुका उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या विज्ञानकादंबऱ्या लिहिल्यात, एवढा धागा हातात दिला तरी पुरतो.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. एका शाळेत शिक्षकांनी कौतुकानं कपाट दाखवलं : काचेमागं नवीकोरी पुस्तकं, कडीला कुलूप. ‘‘हरवलं तर भरून कोण देणार?’’ १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ती बाहेर निघतात, फोटो होतो, मोजून परत जातात. त्यांच्यावर रागावताही येत नाही, कारण तपासणीत खरोखरच एकेक पुस्तक मोजलं जातं. पण पोरानं ‘वाच, लै भारी हाय’ म्हटल्यावर ती ओढ दोन दिवस टिकते. तेवढ्यात पुस्तक हाती पडलं नाही तर मोबाइल आहेच.

वसमतच्या त्या पोरीला मी पुन्हा भेटलो. ‘पाडस’ वाचून मला वर्षं झाली असली तरी साळसूदपणे विचारलं, ‘‘शेवटी त्या हरणाचं काय होतं गं?’’

‘‘तुम्ही वाचलं नाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नाय सांगत.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘पुस्तक आता सेनगावला हाय, मामाच्या पोराकडं. त्याचं झालं की यष्टीनं पाठवतो म्हणला. तुमचं नाव लिहून ठेवू का?’’