दुर्बीण घेताना : आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ला ८ने भागा : ५.२५. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याशी पोहोचतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून खिशात मावणारी ८×२५ सुद्धा चालून जाते. पहाटे किंवा ताम्हिणीच्या दाट झाडीत मात्र ४२चं भिंगच हवं.

‘जास्त पट तेवढी चांगली’ हा समज हमखास महागात पडतो. बारापट दुर्बिणीत हाताची थरथरही बारापट दिसते, शिवाय दृश्याचा घेर आक्रसतो. फांदीफांदीवर नाचणारा चष्मेवाला सापडेपर्यंत उडालेला असतो! भिगवणच्या पाण्यात लांब उभे असलेले रोहित पाहायला १०×४२ उत्तम. जंगलासाठी आठपटच घ्या.

चष्मा असेल तर दुकानात तो घालूनच पाहा, दृश्याच्या कडा कापल्या जाता कामा नयेत. फुलपाखरांची आवड असल्यास दोन मीटरवर फोकस होतो का, तेही तपासा. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीणच घ्यावी. आतल्या भिंगांवर बाष्प धरत नाही, त्यामुळे जादा पैसे सार्थकी लागतात.

घेतल्यावर आधी उजवा डोळा मिटून मधल्या चक्राने फोकस करा, मग डावा मिटून उजव्या नेत्रिकेची कडी फिरवा.