कंटेनर चालू, बॉट विसराळू: डॉकरमध्ये क्रिप्टो बॉट चालवताना

आजच्या भागाचं हे लिखित रूप. गाडीवर किंवा लोकलमध्ये ऐकताना कमांड लक्षात राहत नाहीत, म्हणून बोललो तसंच, थोडं साफसूफ करून इथे देतोय. कमांड जशा तोंडी सांगितल्या तशाच लिहिल्यात.

सुरुवातीलाच एक गोष्ट. मी इंजिनिअर आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. बॉट लावून पैसे कसे कमवायचे हे मी आज सांगणार नाहीये, कारण ते मला जमलेलं नाही. बॉट डॉकरमध्ये टाकला की नेमकं काय सुरक्षित होतं आणि काय होत नाही, एवढंच सांगणार आहे. हा फरक शिकायला मला ६,३०० रुपये लागले. आणि ते पैसे खरं तर बाबांचे होते.

बॉट म्हणजे काय, आणि लॅपटॉपवर का नको

ट्रेडिंग बॉट म्हटलं की लोकांना काहीतरी रोबोट वगैरे वाटतं. प्रत्यक्षात तो एक साधा लूप असतो. दर पाच मिनिटांनी एक्स्चेंजकडून भाव आणायचे, काहीतरी गणित करायचं, घ्यायचं की विकायचं ते ठरवायचं, ऑर्डर पाठवायची, परत झोपायचं. माझा बॉट पायथनमध्ये होता, तीनेकशे ओळींचा. नियमही सोपा. भाव ठरावीक दिवसांच्या सरासरीच्या वर असेल आणि आपल्याकडे आधीच काही घेतलेलं नसेल, तर घे. घेतलेल्या भावापासून तीन टक्के पडला तर विकून मोकळा हो. यालाच स्टॉपलॉस म्हणतात.

पहिले काही दिवस तो लॅपटॉपवर चालवला. लॅपटॉप मिटला की बॉट झोपला. लाइट गेली की वायफाय गेलं, बॉट आंधळा. म्हणून महिन्याच्या भाड्याने एक छोटा क्लाउड सर्व्हर घेतला. तिथे पायथनचं व्हर्जन वेगळं, आणि सरासरी-बिरासरी काढणारी जी लायब्ररी होती ती इन्स्टॉल होता होईना. शनिवार अख्खा त्यात गेला.

डॉकर इथे कामाला येतो. तुमचा कोड, पायथनचं नेमकं व्हर्जन, सगळ्या लायब्ररी यांचा एक गठ्ठा बांधायचा. हा गठ्ठा म्हणजे इमेज. ती इमेज चालू केली की जे उभं राहतं तो कंटेनर. लॅपटॉपवर बांधलेली इमेज सर्व्हरवर जशीच्या तशी चालते. फ्रीकट्रेडसारखे ओपन सोर्स बॉटसुद्धा डॉकरमध्ये चालवायची सोय देतात, ती यासाठीच.

लॉजची खोली

आता जो भाग मला नीट कळला नव्हता तो सांगतो. लॉज डोळ्यांसमोर आणा. इमारत एक, पाण्याची टाकी एक, वायरिंग एक. पण प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. इमारत म्हणजे तुमचा सर्व्हर आणि त्याचं लिनक्स कर्नल, खोली म्हणजे कंटेनर. आणि प्रत्येक खोली ज्या ठरलेल्या पद्धतीने लावून मिळते, पलंग इथे, चादर अशी, ती मांडणी म्हणजे इमेज.

तुम्ही खोलीत राहताय. टेबलावर डायरी ठेवली आणि खाली चहाला गेलात. परत आलात, डायरी तिथेच. हे झालं कंटेनर रीस्टार्ट करणं. पण तुम्ही चेकआउट केलंत आणि दुसऱ्या दिवशी परत तीच खोली घेतलीत, तर? चादर नवी, टेबल पुसलेलं, डायरी कचऱ्यात. हे झालं कंटेनर नव्याने बनवणं.

खोलीचा नंबर तोच असतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही.

त्या रविवारी काय झालं

माझा बॉट आपले सौदे एका छोट्या एसक्यूलाइट फाइलमध्ये लिहून ठेवायचा. काय घेतलं, किती भावाला, स्टॉपलॉस कुठे. ही फाइल कंटेनरच्या आतच होती. मी दोनचार वेळा रीस्टार्ट करून बघितलं होतं, फाइल शाबूत राहत होती. म्हणून मी निर्धास्त.

जूनचा पहिला आठवडा. बार्शीला आमच्या घराच्या मागच्या खोलीचे पत्रे बदलायचे होते. पावसाआधी ६०,००० देतो असं मी बाबांना सांगितलं होतं. पैसे बाजूला काढलेलेच होते. पत्रेवाला म्हणाला, पंधरा दिवसांनी येतो. मग मी विचार केला, पंधरा दिवस पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा बॉटला देऊ. यातली चूक आता सगळ्यांना दिसतेय, मलाही दिसते. तेव्हा दिसली नाही.

बॉटने ३०,००० चं इथेरियम घेतलं. रविवारी संध्याकाळी मी लॉगमधल्या एका मेसेजचं स्पेलिंग सुधारलं. बस, एवढंच. आणि कमांड दिली: डॉकर कंपोज अप, डॅश डी, डॅश डॅश बिल्ड. इमेज बदलली होती, त्यामुळे डॉकरने जुना कंटेनर काढून टाकला आणि नवा बनवला. चेकआउट झालं, डायरी गेली.

नवा बॉट उठला. भाव सरासरीच्या वर आहे का? आहे. आपल्याकडे काही आहे का? फाइल रिकामी, म्हणजे नाही. मग घे. उरलेल्या ३०,००० चं परत इथेरियम. टेलिग्रामवर 'खरेदी झाली' असा मेसेज आला. मी म्हटलं, वा.

सोमवारी बाजार पडायला लागला. दुसरी खरेदी तीन टक्क्यांवर विकली गेली, ९०० गेले. ते ठरल्याप्रमाणेच झालं. पण पहिली खरेदी? ती बॉटच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. तिचा स्टॉपलॉस एक्स्चेंजवर लावलेला नव्हता, तो फक्त त्या फाइलमध्ये होता. मी मधेमधे सर्व्हरवर बघत होतो. डॉकर पीएस म्हटलं की समोर ऐटीत 'अप, ३ दिवस'. सगळं ठीक.

गुरुवारी एक्स्चेंजचं ॲप उघडलं तेव्हा कळलं. ३०,००० चे २४,६०० झाले होते. विकून टाकलं. ५,४०० तिथे, ९०० इथे. बॉटला आठवण असती तर सगळं मिळून ९०० मध्ये भागलं असतं.

म्हणजे कंटेनर पूर्ण वेळ चालू होता. चालू असणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॉकर फक्त पहिलीची हमी देतो.

मग काय करायचं

एक. डायरी खोलीबाहेर ठेवा. डॉकरमध्ये याला व्हॉल्यूम म्हणतात. सर्व्हरवरचं एखादं फोल्डर कंटेनरच्या आत जोडायचं आणि डेटाबेस फाइल तिथे लिहायची. मग कंटेनर शंभरदा बनवा, फाइल राहते. फ्रीकट्रेडच्या तयार कंपोज फाइलमध्ये यूझर डेटा नावाचं फोल्डर असंच बाहेरून जोडलेलं असतं. मी स्वतःचा बॉट लिहिताना ते शहाणपण घेतलं नाही. आणि एक सावधगिरी: डॉकरने स्वतः सांभाळलेली, नाव दिलेली व्हॉल्यूम वापरत असाल तर 'डॉकर कंपोज डाऊन, डॅश व्ही' ही कमांड व्हॉल्यूमसकट पुसते. ते 'डॅश व्ही' सवयीने मारू नका.

दोन. उठल्यावर आधी एक्स्चेंजला विचारा. फाइल काय म्हणते ते नंतर. खात्यात खरोखर किती कॉइन आहेत, कुठल्या ऑर्डर उघड्या आहेत, ते आणून फाइलशी ताडून बघा. जुळलं नाही तर बॉटने काहीही न करता मेसेज पाठवायचा आणि गप्प बसायचं. आणि एक्स्चेंज सोय देत असेल तर स्टॉपलॉसची ऑर्डर तिथेच लावून ठेवा. मग बॉट मेला तरी ती जागी असते.

तीन. रीस्टार्ट पॉलिसी म्हणजे विमा नव्हे. कंपोजमध्ये 'रीस्टार्ट, अनलेस स्टॉप्ड' लिहिलं की बॉट कोसळल्यावर आपोआप उठतो. चांगलंय. पण ऑर्डर पाठवून, ती फाइलमध्ये नोंदवायच्या आधीच तो कोसळत असेल, तर प्रत्येक वेळी उठून नवी ऑर्डर पाठवेल. दुसरा मुद्दा नसेल तर तिसरा मुद्दा धोक्याचा आहे.

चार. थांबवताना वेळ द्या. डॉकर स्टॉप म्हटलं की कंटेनरला आधी सभ्यपणे 'थांब' असा सिग्नल जातो. १० सेकंदांत थांबला नाही तर सरळ मारून टाकतात. तुमच्या कोडने तो सिग्नल ऐकून हातातलं काम पूर्ण करायला हवं.

पाच. किल्ल्या इमेजमध्ये ठेवू नका. एपीआय की कोडमध्ये लिहिली आणि इमेज कुठे अपलोड केली, तर ती कुणालाही काढता येते. वेगळ्या फाइलमधून द्या, आणि ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नका. की बनवताना ट्रेडिंगची परवानगी द्या, पैसे काढायची देऊ नका. शक्य असेल तर फक्त तुमच्या सर्व्हरच्या आयपीवरूनच ती चालेल असं बांधून टाका.

सहा. पोर्ट. बॉटचा डॅशबोर्ड ब्राउझरमध्ये बघायला आपण ८०८० वगैरे पोर्ट उघडतो. उबुंटूवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली की आपण निश्चिंत. पण डॉकर पोर्टसाठी स्वतःचे नियम लावतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो. म्हणून पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त सर्व्हरच्या आतून दिसेल. बाहेरून बघायचं तर एसएसएच टनेल वापरा.

सात, दोन छोट्या गोष्टी. कंटेनरचं घड्याळ साधारणपणे यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यूटीसीप्रमाणे दिवसाची कँडल आपल्याकडे पहाटे साडेपाचला बंद होते, मध्यरात्री नाही. आणि डॉकरचे लॉग सेटिंग न केल्यास वाढतच राहतात. डिस्क भरली की डेटाबेस लिहिता येत नाही, आणि आपण परत डायरी हरवल्यासारखेच. लॉगला मर्यादा घाला: १० एमबीच्या तीन फाइल पुष्कळ झाल्या.

मोठ्यांचंही होतं

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं दुखणं नाही. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, एकावर राहिला. त्या एकावरचा जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि धडाधड ऑर्डर सोडत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. सर्व्हर आठही चालूच होते. आपल्या बाबतीत याचं छोटं रूप म्हणजे लॅपटॉपवरचा जुना कंटेनर बंद करायला विसरणं. तीच की, दोन बॉट, एकमेकांना न ओळखणारे.

आणि टॅक्स

हे बहुतेक जण शेवटी विचारतात, मी आधी विचारायला हवं होतं. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बॉटसाठी याचा अर्थ काय? समजा वर्षात काही सौद्यांत १०,००० कमावले, काहींत ९,००० घालवले. हातात उरले १,०००. कर मात्र १०,००० वर: ३,१२० रुपये. म्हणजे बॉट जिंकला आणि तुम्ही २,१२० ने हरलात. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. तो रिटर्नमध्ये हिशोबात येतो, पण तोवर पैसे अडकतात. दिवसाला दहादा खरेदी-विक्री करणारा बॉट हे गणित बघतच नाही. तुम्हाला बघावं लागतं.

म्हणून माझा बॉट आता ड्राय रनवर आहे. भाव खरे, ऑर्डर खोट्या. फी, कर सगळं धरून तो कागदावर काय करतो ते बघतोय. शिकायला तेवढं पुरतं.

बाबांना मी खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "यंत्राला पैसे दिलेस, मग लक्ष कोण देणार होतं?" कमी पडलेले पैसे पुढच्या पगारातून दिले. पण तोवर पहिला पाऊस पडून गेला होता, आणि मागच्या खोलीत चार दिवस बादली ठेवावी लागली.

तर, तुमच्याकडे बॉट असेल तर आज रात्री एक करून बघा. आधी ड्राय रनवर टाका. मग कंटेनर काढून टाका आणि नव्याने बनवा. उठल्यावर त्याला विचारा, तुझ्याकडे काय आहे? उत्तर बरोबर आलं तरच पुढचं बोलू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!